भंगाळे, पत्र्याचं घर

डोळे मिटलेत, पण झोप अजून दारातच उभी आहे. आखाजीचं जेवण पोटात आहे. दोन वाट्या आमरस, कुरडया, आणि पुरणपोळ्या किती त्या मी मोजल्या नाहीत, तुम्हीही विचारू नका. शिलाईच्या खोलीत मशीनच्या पायाशी चटई टाकून मी आडवी झालेय. दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर अकोल्याचं ऊन नुसतं भाजून काढतंय. इथं आत मात्र वर पंखा फिरतोय आणि झरोक्यातून एक झुळूक येऊन पायाच्या बोटांना लागतेय. एक पाय झोपलाय, दुसरा अजून जागा आहे.

पंखा फिरता फिरता खाकरतो. मग बोलतो.

"आज चव्वेचाळीस, ताई."

मी डोळे उघडत नाही. हा आवाज मी भर बाजारात, ढोल-ताशातसुद्धा ओळखीन.

"भंगाळे भाऊ? अहो, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो ना," पंखा म्हणतो. "म्हणून तर यायला सवड झाली. शंभर झाले म्हणे तुमचे?"

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, नाही तर तुम्ही म्हणाल बाईला रस चढला.

मी सिंधू बोचरे. ब्लाउज शिवते. आमचं घर वरच्या मजल्यावर आणि शिलाईची खोली थेट स्लॅबखाली. ऐन लग्नसराईत, ऐन कामाच्या दिवसांत त्या खोलीची भट्टी व्हायची. मशीनच्या चाकाला हात लावला की चटका. अकरा वाजता काम बंद, ते संध्याकाळी सहाला सुरू. नवऱ्या मुलींच्या आया दारात उभ्या आणि मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. दोन वर्षांपूर्वी भाचीनं मला फोनवरच्या एका ग्रुपात टाकलं. नाव 'थंड घर'. घर तापू नये आणि वीज कमी लागावी म्हणून धडपडणारी सगळी मंडळी. तिथली एक पद्धत आहे. माणसानं नाव नाही सांगायचं, घर सांगायचं. सल्ला माणसाला नसतो, घराला असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी तिथं 'अकोला, वरचा मजला'. कोणी 'परभणी, दोन खोल्या'. एकट्या एका म्हाताऱ्यानं आडनाव ठेवलं होतं, 'भंगाळे, पत्र्याचं घर'.

हे भंगाळे यावलकडच्या एका गावातले. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या आणि निवृत्तीनंतर स्वतःचं पत्र्याचं घर गार करायच्या मागे लागले. पत्र्याखाली केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर, पत्र्यावर पांढरा रंग, आणि त्याच्यावर उंच उचलून सोलर, म्हणजे वीजही मिळते आणि पत्र्याला सावलीही. ग्रुपात स्वतःच्या फोटोच्या जागी थर्मामीटर लावलेला. माणूस दिसायला कसा, कुणाला ठाऊक नव्हतं. पण आवाज रोजचा. दुपारी बोलून पाठवायचे. "आज बेचाळीस, ताई" असं तापमान सांगून सुरुवात आणि "ठेवतो" इथं शेवट. रेकॉर्ड करून पाठवायच्या निरोपालाही "ठेवतो" म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मी खोलीचा फोटो पाठवायची, ते त्यावर लाल बाण काढून परत पाठवायचे. बाणाची शेपूट कायम वाकडी, शेवटी गळासारखी वळलेली. हात कापायचा त्यांचा. "इथून ऊन येतं, इथं जाळी." "इथं वरती झरोका फोडा." मी भांडायची. माझा स्वभाव मुळात तिखट, लपवून काय करू? म्हणायची, "भिंत तुमची आहे का हो फोडायला?" तर एकदा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही ब्लाउजला अस्तर लावता ना? मग घरानंच काय पाप केलंय?" मग मी कामाला लागले. गच्चीला चुना मारला, स्लॅबखाली अस्तर आलं, खिडकीला हिरवी जाळी, नवा कमी विजेचा पंखा, भिंतीत वरच्या अंगाला झरोका, आणि गेल्या दिवाळीत सोलर. आता मी भर दुपारी मशीन चालवते.

आणि अनवाणी मोजणी! तीही त्यांचीच. बरोबर दोन वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहायचं आणि पाय उचलावा लागेपर्यंत आकडे मोजायचे. जेवढे होतील तेवढे ग्रुपात टाकायचे. पहिल्या वर्षी माझे सात झाले होते, आणि सातलाच आईगं म्हटलं होतं. भंगाळे म्हणाले, "शंभर झाले की अकोल्याला येतो. रस खायला घाला."

मार्चमध्ये ते गेले. झोपेतच. आणि आमचा ग्रुप एवढा शहाणा की कुणाला पत्ताच नाही. त्याचं कारण ऐका. भंगाळेंनी आपल्या सोलरचं ॲप आम्हा चार-पाच जणांना शिकायला म्हणून उघडं ठेवलं होतं. त्यांच्या छतावर किती वीज तयार होतेय ते आम्हाला बसल्या जागी दिसायचं. आवाज बंद झाला, पण छत चालू. रोज सकाळी रेघ चढतेय, दुपारी तिचा डोंगर होतोय, संध्याकाळी उतरतेय. आम्ही म्हटलं, भाऊ ठणठणीत आहेत, कुणावर तरी रुसलेत. छत चालू म्हणजे माणूस चालू, असं धरून बसलो. सहाव्या दिवशी मीच ग्रुपात लिहिलं, "काय हो भंगाळे, आहात, का वर गेलात पॅनल पुसायला?" त्याखाली वीस जण हसले. आठव्या दिवशी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. बाबा गेल्या रविवारी गेले, कळवायला उशीर झाला.

त्या दिवशी मी मशीन उघडलं नाही. आणि सांगायचं तरी कुणाला? कोण वारलं म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू, फोनमधला म्हातारा? सुतक नाही, नातं नाही, तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. ॲप मात्र रोज सकाळी उघडायची. 'चालू' असं हिरव्या अक्षरांत यायचं आणि मी डोळे पुसून कामाला लागायची.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी पाण्यानं भरून ठेवतात, वर खरबूज ठेवतात आणि नाव घेतात. उन्हाळ्यात त्यांनाही पाणी मिळावं म्हणून. सासू-सासऱ्यांच्या दोन घागरी आणायला गेले आणि तीन घेऊन आले. आमचे हे तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, मोजायला पक्के. लगेच धरलं.

"तिसरी कोणाची वो?"

"भंगाळे भाऊंची."

"थ्या फोनातल्या? त्याले त्याचे पोरं नाईत का पाणी द्याले? तोंड तरी पाह्यलं का तू त्याचं?"

मी एरवी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण बसले. कारण मलाही आतून तेच खात होतं. ज्या माणसाच्या मरणाची मी ग्रुपात थट्टा केली, त्याच्या नावाची घागर भरायचा मला काय हक्क? तिसरी घागर कोरडीच मशीनमागे पालथी घातली. जेवणं झाली. दोनला सवयीनं गच्चीवर गेले, चपला काढल्या, मोजायला लागले, आणि शंभर झाले. एकशे एकला पाय उचलला. ग्रुपात काही टाकलं नाही. कुणासाठी टाकू? खाली आले आणि आडवी झाले.

तर आता पंखा बोलतोय.

"खाली या ना," मी म्हणते. "पाहुण्यानं असं वर लटकू नये."

"खाली कुठं? तुम्हीच वर आलात."

खरंच की. आम्ही गच्चीवर आहोत. गच्ची माझीच, चुन्यानं पांढरीशुभ्र, पण तिला कठडा नाही आणि ती पार बार्शीटाकळीपर्यंत पसरलीय. समोर एक माणूस उभा आहे. निरखून पाहते तर आमचा मीटरचं रीडिंग घेणारा.

"तुम्ही भंगाळे?"

"मग कोण?" तोंड मीटरवाल्याचं, आवाज भंगाळेंचा.

माझी पापणी लवते आणि मीटरवाल्याच्या जागी माझ्या चुलतसासऱ्यांचं तोंड येतं. मग उसाच्या रसवाल्याचं. मग मला सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंचं, रसवाल्याच्या मिशीसकट.

"अहो ताई, काय ते एकदा ठरवा!" बाई भंगाळेंच्या आवाजात वैतागतात. "किती तोंडं लावताय मला? मान अवघडली."

"मग काय करू? दाखवलंत का कधी? दोन वर्षं थर्मामीटर लावून बसलात आणि आता मलाच बोलता!"

"बरं बरं, चिडू नका." ते खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल काढतात आणि उन्हात सगळेच बांधतात तसा डोक्या-तोंडाभोवती गुंडाळून घेतात. आता नुसते डोळे दिसतात, जरा पिंगट, हसरे. "झालं? आवाज आहे, डोळे आहेत. पुरे ना?"

पुरे. अगदी पुरे. मला इतका आनंद होतो की मी या वयात टाळ्या वाजवते.

"चला, शंभर दाखवा," ते म्हणतात आणि वहाणा काढतात. टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याला चुना लागलेला.

आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो आणि मोठ्यांदा मोजतो. शाळेत पाढे म्हणायचो तसे, शेवटचा आकडा लांबवून. वीसला चुना गार लागतो. चाळीसला त्यातून पाणी झिरपायला लागतं. साठला पाणी घोट्याला लागतं आणि माझ्या साडीचा काठ भिजतो. ऐंशीला मी खाली बघते तर पाट वाहतोय आणि दोन्ही बाजूंना केळी उभ्या आहेत, त्यांची पानं माझ्या खांद्याला घासतायत.

"शंभर!" भंगाळे ओरडतात. "या, आत या. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे."

हे पत्र्याचं घर. कितीदा फोटोत पाहिलंय मी. आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागतो आणि वाळक्या केळीच्या पानांचा वास येतो. भिंतीला एक लांब फळी, तिच्यावर परीक्षानळ्या ओळीनं उभ्या. प्रत्येकीला बूच आणि बुचाखाली चिठ्ठी. 'चिंचेखालची सावली.' 'सकाळी सातची झुळूक.' 'माठाच्या तळाचं पाणी.' आणि एकीवर 'अकोला, वरचा मजला'.

"ही माझी?"

"मग? ऐका तरी."

ते बूच काढतात. नळीतून माझाच आवाज येतो, चांगला चढलेला. "भिंत तुमची आहे का हो फोडायला?"

"अगं बाई!" मी कानांवर हात ठेवते. "हे जपून ठेवलंत?"

"हीच जास्त ऐकायचो," भंगाळे म्हणतात. "घरात दिवसभर कोणी नसायचं. मुलगा-सून कामावर. दुपारी ही लावली की वाटायचं, चला, आपल्याशी भांडायला कुणीतरी आहे."

आता मला राहवत नाही. मी पदर बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

"भाऊ, तो मेसेज."

"कुठला?"

"तुम्ही गेल्यावर मी टाकलेला. मला ठाऊक नव्हतं हो. देवाशपथ ठाऊक नव्हतं. छत चालू दिसत होतं म्हणून..."

"वर गेलात का पॅनल पुसायला, तो?"

मी नुसती मान हलवते. भंगाळे माझ्याकडे बघतात आणि त्यांचे खांदे हलायला लागतात. आधी मला वाटतं रडतायत. पण नाही, माणूस हसतोय. हसता हसता बाकावर बसतो, गुडघ्यावर थापा मारतो, रुमाल सुटायला येतो तो एका हातानं धरतो.

"अहो ताई, मी खरंच पॅनल पुसत होतो! गेलो, वर आलो, खाली बघतो तर पॅनलवर ही एवढी धूळ. म्हटलं निघालोच आहोत तर हात मारून जावं. फडकं शोधायला दोन-तीन दिवस गेले. शेवटचं पॅनल पुसतोय आणि तुमचा मेसेज! अख्ख्या ग्रुपात बरोबर कुणी ओळखलं असेल तर तुम्ही."

मी हसते. मी रडतेय पण हसतेय, नाक वाहतंय, आणि दीड महिना छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेल्यासारखं वाटतं. भंगाळे पुन्हा पुन्हा म्हणतात, "फडकं शोधायला!" आणि आम्हाला पुन्हा हसू फुटतं. पत्रासुद्धा वर कडकड वाजतो.

"आता रस," ते म्हणतात.

मी मशीनवर बसलेली आहे. खोली माझी आहे, पण वर स्लॅब नाही. वर आभाळभर पांढरं कापड ताणलंय आणि त्याचा काठ माझ्या सुईखाली येतोय. मी पायडल मारते आणि कापड सरकतं. पलीकडून भंगाळे ते धरून उभे आहेत.

"टाके जवळ घाला. दोन टाक्यांतून ऊन गळतं."

"मला शिलाई शिकवता? धरा नीट, तिकडं झोळ पडलाय."

"झोळ तुमच्या बाजूनं आहे."

"माझ्या बाजूनं झोळ? तीस वर्षांत माझ्या ब्लाउजला कुणी झोळ म्हटलं नाही!"

"हां, आता बरं वाटलं," भंगाळे म्हणतात आणि कापड सोडून चटईवर मांडी घालतात. मी रसाची वाटी पुढं करते. ते वाटी रुमालाखाली नेतात आणि रिकामी बाहेर काढतात.

"गोड आहे. सुंठ नाही घातली?"

"आमच्याकडे वेलची घालतात."

"सुंठ हवी. रस बाधतो नाही तर."

"आता तुम्हाला काय बाधणार आहे, भाऊ?"

"तेही खरं," ते म्हणतात, आणि तेवढ्यात त्यांची नजर मशीनमागे जाते. "ही घागर पालथी का?"

मला वाटलं होतं, हा विषय निघणार नाही. मी सांगून टाकते. तुमची म्हणून आणली, आमचे हे म्हणाले नातं काय, तोंड तरी पाहिलंय का. मलाही तेच वाटलं. वर तो मेसेज. हक्क कुठून आणू?

भंगाळे ऐकतात. मान तिरकी करून खोली बघतात. झरोका बघतात, खिडकी बघतात, पंखा बघतात. माझे फोटो असेच बघत असतील ते दोन वर्षं.

"त्याचं असं आहे ताई. घरी माझी घागर मुलानं भरली, सकाळीच. मनापासून भरली. पण ठेवली कुठं? चुलीच्या खोलीत. पाणी एकतीस अंश. मी सव्वीसच्या वरचं पाणी पीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मेल्यावरही थर्मामीटर!"

"सवय जात नाही हो. तुमच्याकडे झरोका आहे. ओल्या घागरीच्या अंगावरून वारा गेला पाहिजे, मग पाणी गार होतं. अख्ख्या ग्रुपात सगळ्यात चांगला झरोका तुमचा. मी फोडायला लावलाय, मला ठाऊक आहे. आणि ताई..." ते रुमाल नीट करतात. "मला तहान लागलीय. एवढं पुरे नाही का?"

मी मान हलवते.

"कुठं ठेवू नेमकी?"

"फोटो पाठवा, सांगतो."

"आता कसला फोटो! इथंच तर बसलात."

"मग खडू द्या."

मी माझा निळा खडू देते, कापडावर खुणा करायचा. ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतात. हात कापतो. जीभ दाताखाली धरली असणार, रुमालामुळे दिसत नाही.

"नाव काय घेऊ तुमचं? तुमचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मला तर काहीच..."

"ग्रुपात आहे तेच घ्या. त्याच नावानं ओळख आपली."

"पुन्हा याल ना?"

"छत चालू आहे ना?" ते म्हणतात. आवाज आता वरून येतोय, पात्यांमधून. "बघत जा अधूनमधून. धूळ दिसली तर मुलाला सांगा, तो विसरतो. ठेवतो, ताई."

पंखा निमूट फिरतोय.

खोलीत कुणी नाही. वर स्लॅबचं अस्तर जागच्या जागी आहे. गालावर चटईचे वळ उठलेत. घड्याळात सव्वातीन झालेत. मी उठून बसते आणि कळतं की माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते. आत निळा खडू, झिजलेला, आणि बोटं निळी.

झरोक्याच्या बरोब्बर खाली, फरशीवर, निळा बाण आहे. शेपूट वाकडी, शेवटी गळासारखी वळलेली.

झोपेत मीच काढला असेल म्हणा. माझी हरकत नाही. पण तीस वर्षं मी खडूनं रेघा मारतेय. माझी रेघ सरळ येते.

मी घागर उचलते, धुते, भरते. बाणाच्या टोकाशी कापडाची चुंबळ करून तिच्यावर बसवते. अंगावरून पाणी ओतून तिला भिजवते. कुंकू लावते. झरोक्यातली झुळूक घागरीवरून माझ्या हाताला लागते, गार.

"कोणाची भरून रायली?" दारात आमचे हे उभे. झोपेतून उठलेले, बनियनवर.

"भंगाळे भाऊंची," मी म्हणते आणि पदर खोचते. आज मी भांडायला तयार आहे.

ते माझ्याकडे बघतात. बाणाकडे बघतात. माझ्या निळ्या बोटांकडे बघतात. मग वळून निघून जातात. मला वाटतं, चला, आता संध्याकाळपर्यंत अबोला. पण भांड्यांचा आवाज येतो, फ्रिजचं दार वाजतं, आणि हे परत येतात. हातात रसाची वाटी, वाटीवर पोळी.

"खरबूज दोनच आणले होते," ते म्हणतात. "हे ठेव. शंभर झाले ना तुझे? थो शंभरावर रस खायला येणार होता ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"गच्चीवर एवढ्या मोठ्यानं मोजते, खाली ऐकू नाई येत का?" ते घागरीशी उकिडवे बसतात, वाटी ठेवतात, पोळी सरळ करतात. "आन् दोन वर्ष दुपारी त्याचा आवाज तू मोठा करून लावे. मी त्या खोलीत पडल्या पडल्या ऐको. आज एवढे, ताई. ठेवतो, ताई." वाटी जरा झरोक्याकडे सरकवतात. "मले वाटे, आता बोलन, मंग बोलन. दीड महिना झाला, दुपार कशी सुनी सुनी लागते."

मी त्यांच्याकडे बघतच राहते. या माणसाच्या मनात हे होतं आणि मला पत्ता नाही. एवढ्याशा घरात!

"नाव घे," ते म्हणतात.

"भंगाळे," मी म्हणते. "पत्र्याचं घर."

आमचे हे हसत नाहीत. खाकरून घसा साफ करतात आणि स्टॉप आल्यावर एसटीत द्यायचे तशी हाळी देतात, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशी.

"भंगाळेऽऽ! पत्र्याचं घरऽऽ!"

मग गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि चहा ठेवायला जातात. मी फोन घेते. ॲपमध्ये त्यांचं छत चालू आहे, दुपारचा डोंगर उतरायला लागलाय. ग्रुपात लिहिते, 'अकोला, वरचा मजला. शंभर.' फोन मशीनवर ठेवते आणि सुंठीचा डबा शोधायला स्वयंपाकघरात जाते.